आवाज दीडवर

हरिकाकांचं गिटार ऐकायचं असेल तर आधी त्यांच्या घरातला पंखा बंद करावा लागतो. मग फ्रिज. एवढं करून अ‍ॅम्पला कान लावलात तर काहीतरी चाललंय असं कळतं.

माणूस मूळचा बेंजो पार्टीतला. कामतघरापासून दिघाशीपर्यंत वीस वर्षं हळदी गाजवल्या. आता घरात डब्याएवढा अ‍ॅम्प, परातीत ओळीनं मांडलेली, गिटारचा आवाज बदलणारी चार पेडलं, आणि आवाजाचं बटण दीडवर. "आवाज भरला पाहिजे, सांडला न्हाय पाहिजे," हे त्यांचं तत्त्वज्ञान. आठवडाभर ते पेडलांच्या वायरी काढतात आणि घालतात. वाजवतात फक्त शुक्रवारी दुपारी, गल्लीच्या तोंडाचे कापडाचे लूम सुट्टीमुळे बंद असतात तेव्हा. मी शेजारी असल्यामुळे माझी सुटका नसते.

पुतण्याच्या हळदीत लोकांनी त्यांना आग्रहानं स्टेजवर बसवलं. तिथेही बटण दीडवर. मंडळी तासभर जनरेटरच्या ठेक्यावर नाचली, असं त्यांची सून शपथेवर सांगते.

हल्ली घरात वेगळीच कुरबूर होती. काकांच्या बाजूच्या खोलीत सात वर्षं रामसेवक नावाचा लूम कामगार भाड्यानं राहायचा. रात्रपाळी करायचा, दिवसा झोपायचा. तो गावी गेला तो परतला नाही. काकांच्या मुलाला त्या खोलीत मानकोलीच्या गोदामातला माल ठेवायचा होता, आणि काका किल्ली देत नव्हते. मला वाटलं, म्हातारपणाचा हट्ट.

गेल्या शुक्रवारी गेलो तर पंखा चालू, फ्रिज चालू, गिटार खोळीत. मी विचारलं, आज सुट्टी का? काकांनी परातीतलं एक पेडल उचललं.

"रामसेवकला लूमच्या आवाजाबिगर झोप येत नव्हती," ते म्हणाले. "शुक्रवार आला की नुसता कूस बदलायचा. एकदा मी वाजवत होतो, तर पलीकडं घोरायला लागला. आवाज वाढवला, उठला. कमी केला, उठला. दीडवर झोपला."

मग त्यांनी सांगितलं की सकाळी त्याचा फोन आला होता. डोळ्यांनी धागा दिसत नाही, आता येणार नाही, असं म्हणाला. म्हणून काका आता खोली मुलाला देऊन टाकणार होते, उद्या माल येईल. हे सगळं त्यांनी पेडल पुसत सांगितलं. मला वाईट वाटलं, आणि इतकी वर्षं नुसती चेष्टा केल्याची लाजही वाटली.

काकांनी गिटार खोळीतून काढलं, तारा लावल्या, आणि वर न बघता विचारलं, "तू जरा पलीकडं आडवा पडतोस का?"

मी हसलो. ते हसत नव्हते.

मी दुपारी झोपणारा माणूस नाही. तरी किल्ली घेतली, खोली उघडली आणि रामसेवकच्या चटईवर आडवा झालो. भिंतीतून बारीक सूर येऊ लागले, आणि पहिल्यांदाच ते मला नीट ऐकू आले. झोप काही येईना. पाचेक मिनिटं थांबलो, आणि मग पलीकडे ऐकू जाईल इतपत घोरायला लागलो.