टोल्याला टोला

मागच्या हिवाळ्यात, भर नदीत, दाट धुक्यात मी पितळी ताटावर एका टोल्याऐवजी तीन टोले मारले. ताट माझं नव्हतं, डोंगाही माझा नव्हता. चूक तेवढी स्वतःची.

ताट केवळरामकाकांचं. काका आमचे शेजारी. त्यांचं शेत वैनगंगेपलीकडे, आणि धरणाचं पाणी मागे फुगल्यापासून तिथे जायचं तर लाकडी डोंग्यानेच. एकदा धुक्यात कुणा मासेमाराचा डोंगा त्यांच्या डोंग्यावर आदळला. काका पाण्यात पडले आणि बाहेर आले ते कायदा घेऊनच. एक टोला म्हणजे 'मी आहो'. दोन म्हणजे 'डावीकडून जाऊन राहिलो'. तीन म्हणजे 'अडकलो, धावा'. आणि ऐकणाऱ्याने उत्तर द्यायचंच. "टोल्याले टोला पायजे. नाही आला तं मानूस मेला समजतो मी," असं ते घाटावर ज्याला त्याला बजावत. उत्तर न देणाऱ्या एकदोघांच्या घरी ते खरोखरच सांत्वनाला जाऊन आले.

ताट घ्यायला मला भंडाऱ्याला नेलं होतं. काका दुकानातलं एकेक ताट कानाशी धरून वाजवू लागले. शेवटी दुकानदाराने हात जोडले. "काकाजी, जेवाले पायजे का वाजवाले?"

"जेवाले पत्रावळ आहे घरी," काका म्हणाले आणि पुढचं ताट उचललं.

कायदा यथावकाश जमिनीवरही लागू झाला. लख्ख उन्हात, गल्लीच्या वळणावर, सायकलच्या हँडलला टांगलेलं ताट वाजवल्याशिवाय काका वळत नाहीत. काकूंना न्हाणीत उशीर झाला की बाहेरून टोला. "आहो, आहो जित्ती!" काकू आतून ओरडतात.

हा कायदा मनापासून पाळणारा माणूस सगळ्या नदीत एकच, त्यांचा धाकटा भाऊ दशरथ. तो तेलाचा पिपा वाजवतो. मौज अशी की शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दोघांचं बोलणं कित्येक वर्षं बंद. धुरा धरणात बुडाला, भांडण तरंगत राहिलं. उजेडात समोरासमोर आले की एक आभाळ बघतो, दुसरा पाणी. धुक्यात मात्र कायद्याने उत्तर द्यावंच लागतं. काका ताट वाजवतात, पलीकडून पिपा बोलतो, काका पुन्हा वाजवतात. एवढ्या टोल्यांत एखादी मालगाडी वळवता आली असती. धुकं विरलं की काका ताट पालथं घालतात आणि तोंड एवढंसं करून बसतात. "आता कायले वाजवाचं? दिसूनच राहिलं सारं."

तर त्या दिवशी काकांच्या शेतातल्या लाखोरीच्या, म्हणजे लाखेच्या डाळीच्या, कोवळ्या पाल्याच्या भाजीच्या लोभाने मी सोबत गेलो. काका वल्हवत होते. म्हणाले, "एक टोला दे."

एकच टोला मला फार कंजूष वाटला. आरतीत हात तयार झालेला माणूस मी. तीन ठोकले.

काकांचं वल्हं थांबलं. "तीन? अरे, आता तो येईन ना!"

"मग 'चुकलं' असं वाजवू या की."

"त्याचा टोलाच नाही ठेवला." साऱ्या कायद्यात चुकीची सोय नव्हती. तीही माझ्यासारखा शेजारी असताना!

धुक्यात पिपा धडाधड वाजू लागला, जवळ आला, आणि थांबला. मग माणसाचाच आवाज आला. "दादा! कोठी आहेस? टोला दे, दादा!"

काका ताटाकडे नुसते बघत राहिले. उत्तर दिलं तर भाऊ येणार, आणि इथे काहीच झालं नाही हे पाहून, आपली थट्टा केली म्हणून कायमचा तुटणार. न दिलं तर माणूस मेला समजायचा, हा त्यांचाच नियम.

"दादा!" आवाज फाटला.

"इकडं, दशरथ," काका म्हणाले, इतकं हळू की मलाच ऐकू आलं. मग घसा फोडून, "इकडं रे, बाबू!"

दशरथचा डोंगा ठक्कन आमच्या डोंग्याला लागला. एका पायात चप्पल, छाती भात्यासारखी चाललेली. त्याने पाहिलं. आमचा डोंगा कोरडा, मजेत तरंगणारा. दादा धडधाकट.

"अडकलो होतो," काका पाण्याकडे बघत म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते.

दशरथने दोर काढला, आमचा डोंगा आपल्या डोंग्याला घट्ट बांधला आणि ओढू लागला. मग मान वळवून त्याने मला एकदा खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"अडकंन नाही तं काय, दादा? एवढा मोठा धोंडा डोंग्यात घालून निंगते का कोनी?"