पुलाअलीकडचं पांढरं

चष्म्याचं दुकान उघडायच्या आधी शाकीरभाई न्हावऱ्याहून भीमेच्या पुलापर्यंत सायकल मारायचे आणि परत आले की रस्त्याचा हालहवाल सायकलवाल्यांच्या ग्रुपवर टाकायचे. कुठं खड्डा पडलाय, कुठं उसाची ट्रॉली उलटलीय, कुठल्या वस्तीवरची कुत्री मागं लागतात. शिरूरपासून दौंडपर्यंतची माणसं त्यांचा मेसेज वाचूनच सायकल बाहेर काढत. या भरवशानंच घात केला.

एका सकाळी त्यांनी लिहिलं, 'पुलाअलीकडच्या वळणावर जपून. उसात कोणतरी दम टाकतंय.'

"बिबट्या असंल," ग्रुपचा ॲडमिन, दौंडचा इंद्रजीत बोलला.

"बिबट्या असता तर बरं झालं असतं," वरवंडच्या कोंडिबा आबांनी हळू आवाजात व्हॉइस मेसेज टाकला आणि पुढं गप्प झाले.

आबांच्या त्या गप्प बसण्यानं सगळं बिघडलं. कुणाला आठवलं, तिथं आपली सायकल उगाच जड झाली होती. कुणाचा दिवा आपोआप विझला होता. संध्याकाळपर्यंत उसातल्या नुसत्या दमाला पांढरं लुगडं नेसवून झालं होतं. रविवारची केडगावची राइड इंद्रजीतनं रद्द केली. 'शाकीरभाईंचा रिपोर्ट हाय, म्हंजी खरंच असणार.'

शाकीरभाईंना आता स्वतःच्याच मेसेजची भीती वाटू लागली. पण आपल्यामुळं सगळ्यांची राइड बुडाली, ही बोच त्याहून मोठी होती. रविवारी उजाडताच ते शहानिशा करायला निघाले. गारठा मरणाचा होता. बायकोनं, आसमीननं, आपली पांढरी ओढणी त्यांच्या डोक्यातोंडाला गुंडाळून दिली.

नदीकडून धुकं वर आलं होतं. दोन्ही बाजूंचा ऊस जागच्या जागी उभा होता, पातं हलत नव्हतं. आणि नेमकी वळणावरच चेन उतरली.

ते रस्त्याकडेला उकिडवे बसले. चेन काही केल्या दात्यांवर बसेना; त्या नादात रस्त्यानं कोण आलं-गेलं याकडं त्यांचं लक्षच नव्हतं. तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. ग्रुपवर गौतमीचा मेसेज होता. ती केडगावच्या दवाखान्यात नर्स. ड्यूटीला सायकलनंच जायची.

'वळणावर हाय! आत्ता बघितलं! पांढरंफटक. खाली बसून कायतरी सोलतंय!'

शाकीरभाईंनी डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं. धुकं आणि ऊस. म्हणजे ते गौतमीला दिसतंय आणि आपण त्याच्या शेजारी बसूनही आपल्याला दिसत नाही! कशीबशी चेन अडकवून त्यांनी टांग टाकली आणि पुलाकडं सुसाट सुटले.

समोर धुक्यात सायकलचा लाल दिवा लुकलुकला. माणूस! त्यांच्या जिवात जीव आला. "थांबा!" ते ओरडले. ओढणीतून बाहेर पडला तो नुसताच एक लांबलचक घोगरा हुंकार. लाल दिव्यानं वेग वाढवला. सोबत सुटू नये म्हणून शाकीरभाईंनीही वाढवला. पुढून किंकाळी आली. आपल्या मागचं काहीतरी बघूनच ही किंचाळली, या समजुतीनं मागून शाकीरभाईंनीही बोंब ठोकली.

पूल ओलांडताच गौतमीची सायकल वाळूच्या ढिगात घुसली. तिनं पडल्यापडल्या पाण्याची बाटली फेकली, ती शाकीरभाईंच्या कपाळावर बसली.

"गौतमीताई, मी हाय! शाकीर!" त्यांनी ओढणी ओढून काढली.

"अवो भाई!" ती रडायला आणि हसायला एकदमच लागली. "मग सोलत काय हुता?"

"चेन बशीवत हुतो."

गौतमीचा फोन वाळूत पडून बंद पडला होता. "तुम्हीच कळवा समद्यांना," ती म्हणाली आणि गुडघा चोळत ड्यूटीवर गेली.

शाकीरभाईंनी लिहिलं, 'घाबरू नका. ते पांढरं म्हणजे मीच.'



इंद्रजीत म्हणाला, "गौतमीचा फोन लागत न्हाई. आन् हे म्हणतंय, मीच."

"उत्तर दिऊ नका," कोंडिबा आबा कुजबुजले. "ते भाईंच्या फोनवरनं बोलतंय."

'अहो, खरंच मी आहे!'

'मग पायाचा फोटो टाका,' इंद्रजीतनं लिहिलं.

शाकीरभाईंनी मुकाट्यानं पायाचा फोटो काढून पाठवला. पाठवल्यावर नीट पाहिला. नदीकाठचं धुकं जमिनीलगत साचलं होतं. फोटोत गुडघे होते. गुडघ्यांखाली काहीच नव्हतं.

पुढच्याच क्षणी त्यांना ग्रुपमधून काढून टाकण्यात आलं.

आसमीनचा भाऊ झिशान ग्रुपवर होता, त्यामुळं बातमी त्यांच्या आधी घरी पोचली. दाराची कडी आतून होती. फटीतून आसमीनचा एक डोळा दिसला, तोही खाली वळलेला.

"आधी चप्पल काढा," ती आतून म्हणाली. "आन् उन्हात उभे ऱ्हावा."

शाकीरभाई चडफडत उन्हात सरकले. आणि ती बघायच्या आत त्यांनी स्वतःच हळूच खाली पाहून घेतलं.