धुण्याच्या खोलीचं दार

भाषण दहाला होतं आणि सोल्वेगची एकुलती एक चांगली पँट तळघरातल्या सामाईक धुण्याच्या खोलीत, वाळवणाच्या यंत्रात गरगरत होती. सकाळच्या घाईत कॉफी सांडली, ती नेमकी तिच्यावरच! बाथरोबमधली सोल्वेग यंत्रासमोर येरझारा घालत फोनवरचं भाषण घोकत होती: 'गरीब देशांचा विकास आणि डिजिटल तंत्रज्ञान: कुणीही दाराबाहेर राहणार नाही.' परदेशी मदतीच्या खात्यात दोन वर्षं खपून तिने हे धोरण लिहिलं होतं. झांबियाच्या पाहुण्यांसमोर मंत्रीबाई आज त्याला हो तरी म्हणणार होत्या, नाहीतर कायमचं नाही.

फोन यंत्रावर ठेवून ती यंत्राच्या जाळीतला धाग्यांचा कचरा टाकायला क्षणभर बाहेर आली. तेवढ्यात खोली वापरायची तिची नंबर लावून घेतलेली वेळ संपली आणि खट्! दार लागलं. हे दार फक्त फोनने उघडायचं. सोसायटीची अध्यक्ष म्हणून तिनेच ते हट्टाने बसवलं होतं. आणि हौसेने स्वतःच्या घराचंही.

तळघरातच समोरच्या खोलीत राहणारा टोर्स्टेन ओले शर्ट पिळत डोकावला. म्हाताऱ्याकडे तसला फोन नव्हता, त्यामुळे नवं दार आल्यापासून तो टबातच कपडे धूत होता.

"टोर्स्टेन, जुनी किल्ली आहे का हो?"

"होती की. तूच काढून घेतलीस. जगाबरोबर चला म्हणालीस."

"बरं, पुढचा नंबर कुणाचा?"

"पूर्वी भिंतीवरच्या फळीवर दिसायचं. ती तू भंगारात दिलीस. आता फोनात बघ."

"फोन आत आहे हो!"

"अरे वा!" टोर्स्टेन म्हणाला आणि ओशाळला. "म्हणजे... अरेरे."

त्याच्या जुन्या तारेच्या फोनवरून तिने कुलूपवाल्या कंपनीला गाठलं. पलीकडची मुलगी भारीच गोड होती. "काळजी करू नका, तुमच्या फोनवर कोड पाठवलाय."

बंद दाराआडून आवाज आला, टिंग!

"मिळाला नाही का? परत पाठवते हं."

टिंग!

"बाई गं, आता माझा जीव घेशील!" सोल्वेग किंचाळली.

शेवटी टोर्स्टेनची ढगळ पँट, त्याचेच गॅलिस आणि पायांत सपाता अशा थाटात ती त्याच्या खटारा गाडीतून कचेरीत पोचली. भाषण तर आतच अडकलेलं. मग तिने सकाळपासूनची सगळी चित्तरकथा तणतणत सांगून टाकली. मंत्रीबाई तिच्या सपातांकडे बघत राहिल्या. झांबियाच्या मुतिंताबाई मात्र डोळे पुसत हसत होत्या.

"आमच्याकडे धान्याच्या दुकानात असंच झालं," त्या म्हणाल्या. "यंत्र बसलं, नेटवर्क गेलं, माणसं उपाशी परतली. तुमच्या धोरणात जुन्या किल्लीचं कलम आहे का?"

सोल्वेगला लाज वाटली. दोन वर्षांत हे सुचलंच नव्हतं. "नाही," ती म्हणाली. "आत्ता घालते."

"घाला, मग माझा होकार," मंत्रीबाई म्हणाल्या.

सोल्वेग तरंगतच घरी आली. धुण्याच्या खोलीबाहेर, पुढच्या नंबरवाल्याने काढून टाकलेले तिचे कपडे ढिगात पडले होते, वर फोन, आणि दारावर ठळक अक्षरांत चिठ्ठी: 'अध्यक्षांस. वेळ संपल्यावर कुणीतरी कपडे आत ठेवले होते. नियमाप्रमाणे त्या व्यक्तीला महिनाभर बंदी घालावी.' नियमही तिचाच होता.

टोर्स्टेनने मागून चिठ्ठी वाचली. सावकाश, दोनदा.

"ये माझ्याकडे," तो म्हणाला. "टब आहे, नंबर लावावा लागत नाही. फक्त आधी माझी पँट धुऊन दे."