तावडेकाका कॅमेरा तपासतात

अन्याय तुकाराम तावडे यांच्यावर झाला. गेल्या मार्गशीर्षातला दुसरा रविवार, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. ठाण्यात, जुने कॅमेरे विकणाऱ्या एका दुकानासमोरच्या फुटपाथवर, बहात्तर वर्षांच्या माणसाला चारचौघांत चोर म्हटलं गेलं. मी साक्षीदार आहे. शेजारीच उभी होते.

आता दुकानदाराची बाजू. ती मांडायची मला अजिबात इच्छा नाही. पण आमच्या पाणी समितीत शिकवलंय, की समोरच्याची बाजू आपणच आधी सांगून टाकायची, म्हणजे त्याला बोलायला काही उरत नाही. तर, तावडेकाकांनी कॅमेरा उचलला आणि पट्टा गळ्यात अडकवला. शर्टाच्या खिशातून वीतभर लांब स्क्रू ड्रायव्हर काढून त्याचं टोक कॅमेऱ्याला टेकवलं. मुठीला कान लावला, डोळे मिटले आणि तीनदा बटण दाबलं. मग डोळे उघडून म्हणाले, "ट्रायल घेऊन येतो." आणि कॅमेऱ्यासकट दुकानाबाहेर पडून तलावपाळीच्या दिशेने चालू लागले.

"ए, पकडा त्याला! चोर!" दुकानदार काउंटर ओलांडून धावला.

काका चौतीस वर्षं एसटीच्या खोपट डेपोत मेकॅनिक होते. दुरुस्त झालेली गाडी तिथे तशीच रस्त्यावर सोडत नाहीत. मेकॅनिक तिच्यात बसतो, एक फेरी मारून येतो आणि मगच सही करतो. काकांच्या हिशोबाने कॅमेराही फेरी मारल्याशिवाय कळणार नव्हता. "मी हजार गाड्या बाहेर काढल्या असतील," ते मला नंतर म्हणाले. "कधी कोणी पाठी धावलं नाही गं."

काका दिवा स्टेशनजवळ आमच्या इमारतीत राहतात. ते दुसऱ्या मजल्यावर, आम्ही तिसऱ्या. निवृत्त झाले तरी त्यांची तपासणी थांबलेली नाही. तो स्क्रू ड्रायव्हर म्हणजे त्यांची डॉक्टरी नळी. टोक यंत्राला, मूठ कानाला. इमारतीतला एकही फ्रिज, मिक्सर किंवा पंखा त्यांनी ऐकल्याशिवाय विकत घेतला जात नाही. निकाल दोनच असतात. पसंत पडलं तर "सोडा", नापसंत असेल तर "उभी करा". वस्तू पुल्लिंगी असो की नपुंसकलिंगी, काकांच्या लेखी ती गाडीच. सोसायटीच्या पंपाला कान लावून ते सांगतात, "अर्ध्या तासात हवा ओढणार," आणि अर्ध्या तासात पाणी संपून पंप हवा ओढतो. पाण्याच्या टँकरसाठी महापालिकेला निवेदनं देणारी मी, पण इमारतीतल्या बायका बादल्या भरायच्या की नाही ते काकांना विचारून ठरवतात.

मुलीसाठी स्थळ आलं तेव्हा मुलाला घेऊन काका कोपऱ्यावर चहाला गेले. परत येऊन बायकोला म्हणाले, "क्लच घाईत सोडतो, पण ब्रेक चांगलाय. सोडा." लग्न झालं. ब्रेक खरोखरच चांगला निघाला.

मला ते 'पत्रक' म्हणतात. "काय पत्रक, आज कोणाचा निषेध?" माझं प्रत्येक पत्रक ते चष्मा लावून शेवटपर्यंत वाचतात आणि परत देताना सांगतात, "स्टेअरिंगला खेळ आहे. निघतेस पाण्यावर आणि पोचतेस भलतीकडेच."

तर गेल्या दिवाळीनंतर एका सकाळी काका आमच्या दारात उभे. "पत्रक, जुना कॅमेरा घ्यायचाय. तो मोठा, गळ्यात अडकवायचा. साधा चालेल. पंधरा हजारांच्या आत."

माझ्याकडे येण्याचं कारण होतं. कोरडे नळ आणि रिकामी पिंपं यांचे फोटो काढायला आमच्या समितीकडे तसा एक कॅमेरा आहे, आणि तो सेकंडहँड घेताना मीच चार दुकानं पालथी घातलेली.

"काका, मोबाईलमध्ये काय वाईट आहे?"

"मोबाईल खोटं बोलतो."

मला इतका आनंद झाला! मला वाटलं, काका आता आपल्या बाजूचे झाले. मोबाईल कंपन्या आपल्याला कशा फसवतात यावर मी दहा मिनिटं बोलले. काकांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "स्टेअरिंग."

मग मी त्यांना शिकवायला बसले. कॅमेरा जुना असेल तर त्याने आजवर किती फोटो काढले ते आधी बघायचं, त्याला शटर काउंट म्हणतात. "म्हणजे किलोमीटर," काका म्हणाले. हो, पण हा मीटर बाहेरून दिसत नाही, त्यातला एखादा फोटो कॉम्प्युटरवर उघडून शोधावा लागतो. लेन्समधून टॉर्च मारायचा, आत बुरशी असेल तर दिसते. पांढऱ्या भिंतीचा फोटो काढायचा, आतल्या काचेवर धूळ असेल तर ठिपके येतात. बॅटरी फुगलेली नको. काकांनी शंभर पानी वहीत पट्टीने रकाने आखले. माझे सोळा मुद्दे झाले. सतरावा त्यांनी स्वतः लिहिला: मालकाचा स्वभाव.

पहिला कॅमेरा कल्याणला, स्टुडिओ बंद करत असलेल्या एका गृहस्थांकडे. टॉर्च मारला तर लेन्समध्ये कोळ्याचं जाळं असावं तशी बुरशी.

"पावसाळ्यात कुठे ठेवलेलात?"

"कपाटात."

"लोणच्याची बरणी तरी जपता की नाही? उभी करा."

दुसरा डोंबिवलीत, लग्नांचे फोटो काढणाऱ्याकडे. फोटोंचा आकडा निघाला दीड लाखाच्या पुढे. काका बघतच राहिले. "अहो, ह्याने अर्ध्या डोंबिवलीची लग्नं लावलीत. ह्याला आता पेन्शन द्या."

तिसरा विठ्ठलवाडीला. हा मात्र जवळजवळ नवा होता. काच साफ, आवाज घड्याळासारखा. सोळाच्या सोळा रकान्यांत बरोबरची खूण. मी मनात म्हटलं, सुटलो. तेवढ्यात मालकाची बायको चहा घेऊन आली, ट्रेमध्ये थोडा सांडला होता, आणि तो आमच्यासमोर तिच्यावर खेकसला, "अक्कल गहाण ठेवलीस का?" काकांनी वही मिटली. चहा संपवला, बाईंना "छान झालाय" म्हणाले आणि उठले.

रस्त्यावर मी भडकले. "काका, कॅमेऱ्याचा काय दोष यात?"

"गाडी ड्रायव्हरचे गुण घेते."

आणि मग चौथा, ठाण्याचा. दुकानदाराने काकांच्या गळ्यातून कॅमेरा ओढून घेतला तेव्हा वही फुटपाथवर पडली. लोकांनी मोबाईल वर केले. मी काय काय बोलले ते इथे छापता येणार नाही. काकांनी वही उचलून झटकली आणि निघाले. घरी येईपर्यंत त्यांनी एका शब्दानेही माझं स्टेअरिंग काढलं नाही, तेव्हा मी खरी घाबरले.

दुसऱ्या दिवशी मी पत्रक लिहिलं. मथळा: 'ज्येष्ठांचा अपमान! जाब द्या!' छापायच्या आधी काकांना दाखवायला खाली गेले. दार शालनकाकूंनी उघडलं. काकू म्हणजे काकांच्या पत्नी. लहानपणी त्यांना देवी आलेल्या, चेहराभर व्रण आहेत. मी शाळेत होते तेव्हापासून तो चेहरा बघतेय, त्यामुळे व्रण वेगळे असे मला दिसतच नाहीत.

"ये बाई. सकाळपासून पंप ऐकायलासुद्धा खाली उतरले नाहीयेत."

काकांनी पत्रक वाचलं. पूर्ण वाचलं. परत देत म्हणाले, "छापू नकोस."

"का? तुम्ही काय चोरी केलीय?"

"लोक विचारतील, ह्या वयात कॅमेरा कशाला हवा होता."

"मग? कशाला हवा होता?"

काकू चहाचं आधण बघायला आत गेल्या. काकांनी मोबाईल काढून एक फोटो माझ्यासमोर धरला. त्यांच्या पुतणीच्या लग्नातला. जांभळ्या साडीत एक बाई, गाल सोललेल्या अंड्यासारखे गुळगुळीत. मला दोन क्षण ओळखूच येईना.

"काकू?"

"मोबाईलने आपल्या मनाने केलंय. कोणी सांगितलं नव्हतं त्याला. आता तो बघ." त्यांनी भिंतीकडे बोट केलं. त्यांच्या लग्नाचा फोटो. काळापांढरा, कल्याणच्या कुठल्याशा स्टुडिओत काढलेला. मी तो शंभर वेळा पाहिलाय. नवरी तिथेही गुळगुळीतच आहे, हे मला आत्तापर्यंत कधी जाणवलं नव्हतं.

"स्टुडिओवाल्याने पेन्सिल मारली. तेव्हा मारायचे असे, निगेटिव्हवर, बारीक टोकाने. विचारलं पण नाही. वर म्हणाला, वहिनी गोऱ्यापान करून दिल्या." काकांनी मोबाईल पालथा ठेवला. "लग्नात पेन्सिलने पुसली, आता मोबाईलने पुसली. शेहेचाळीस वर्षं झाली, पत्रक. माझ्याकडे हिचा एकपण फोटो नाही."

आतून काकूंचा आवाज आला. "आणि मी काय बोलले तेही सांगा की."

काका भिंतीवरचा फोटो सरळ करायला उठले.

काकू चहा घेऊन बाहेर आल्या. "मी म्हटलं, बघा, अशी मिळाली असती तर तुम्हाला! थट्टेत म्हटलं गं. तर हे दोन दिवस धड जेवले नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी तुझ्या दारात."

"थट्टेत नव्हतं ते," काका कपाकडे बघत म्हणाले.

काकूंनी पदराने टेबल पुसलं. ते स्वच्छच होतं.

मी पत्रक फाडलं. असं मी करत नाही.

महिन्याभराने डोंबिवलीच्या एका निवृत्त शिक्षिकेचा पत्ता लागला. वैद्यबाई. काका नको म्हणत होते. काकूंनी चपला घातल्या. "मी पण येते. चोर म्हणायचं तर जोडीनं म्हणू दे."

वैद्यबाईंचा कॅमेरा चांगला म्हणण्यासारखा नव्हता. रबर चिकट झालेलं, वरची चकती फिरवायला जोर लागायचा आणि पांढऱ्या भिंतीच्या फोटोत डाव्या कोपऱ्यात एक काळा ठिपका. काकांनी वहीत तीन फुल्या मारल्या. मग जरा चाचरत विचारलं, "एक फेरी... म्हणजे, खाली गल्लीपर्यंत नेऊ का? ही बसेल इथे. तारण म्हणून."

"अहो, दोघेही जा की," वैद्यबाई म्हणाल्या. "चोरलात तर निदान वापराल तरी. माझ्याकडे दोन वर्षं नुसता धूळ खातोय."

गल्लीत इस्त्रीवाल्याच्या टपरीशेजारी काकांनी काकूंना उभं केलं. काकूंनी सवयीने मान वळवली आणि पदर गालावर ओढला.

"सरळ बघ."

"अहो, सगळं येईल त्यात."

"येऊ दे."

"काकू, हसा जरा!" इस्त्रीवाला ओरडला.

"तू इस्त्री कर, जळेल तिथे!" काकू त्याच्याकडे वळून म्हणाल्या, आणि पदर सुटला. काकांनी बटण दाबलं.

मग चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी मागच्या छोट्या पडद्यावर फोटो मोठा केला आणि बोट ठेवत तपासायला लागले. "भुवईवरचा, आहे. नाकाच्या बाजूचे दोन, आहेत. ओठाजवळचा लांबट, आहे. हनुवटीखालचा... थांब... आहे." ते काय तपासताहेत ते मला दुसऱ्या-तिसऱ्या व्रणाला कळलं. काकू दोन पावलांवर उभ्या होत्या. पण ताडून बघायला काकांनी एकदाही मान वर केली नाही.

"सगळे आले?" काकूंनी विचारलं.

"आले."

काकूंनी कॅमेरा हातात घेतला. खूप वेळ बघितलं. "म्हातारी झाले हो मी."

"त्याला कॅमेरा काय करणार?"

काकू हसल्या, तोंडावर हात न ठेवता. वहीत तीन फुल्या असताना काकांनी तो कॅमेरा घेतला. शेवटी सहीसुद्धा केली.

आता तुमच्याकडे मागणी. तुमच्या मोबाईलच्या कॅमेऱ्यात चेहरा गुळगुळीत करणारी एक सोय असेल, आणि बहुतेक ती तुम्हाला न विचारता चालू असेल. ती बंद करा. वाचून झाल्यावर नाही, आत्ता. मग तुमच्या घरात प्रत्येक फोटोत कोणाच्या तरी खांद्यामागे उभी राहणारी जी बाई आहे, तिला पुढे बोलवा. उजेडात उभी करा, सरळ बघायला सांगा, फोटो काढा आणि आधी तिला दाखवा. ती म्हणेल, काढून टाक तो. लगेच काढू नका. तिच्या शेजारी बसा, विचारा, हे तुला कोणी शिकवलं, आणि ती सांगेल ते शेवटपर्यंत ऐका.