सहावा मजला, लिफ्ट बंद

"घर घ्यायचं की नाही, हे मी पाच मिनिटांत सांगतो!" मेकॅनिक म्हणाला. "लिफ्टचा नुसता आवाज ऐकून मी तिचा आजार ओळखतो. आणि घर म्हणजे तरी काय? न हलणारी लिफ्ट!"

हे वाक्य त्याने बायकोसमोर, मेव्हण्यासमोर आणि एका अर्धवट शिवलेल्या पडद्यासमोर उच्चारलं. तिघांपैकी फक्त पडद्यावर परिणाम झाल्यासारखा वाटला. तो हलला. पण ते पंख्यामुळे.

मेकॅनिक लिफ्टा दुरुस्त करायचा. शहरातल्या निम्म्या लिफ्टा त्याच्या हाताखालून गेल्या होत्या. माणसांना चाळीस-चाळीस मजले वर पोचवणारा हा गृहस्थ स्वतः तळमजल्यावर, भाड्याच्या दीड खोलीत राहायचा. त्यातली एक खोली बायकोच्या पडद्यांची. ती लोकांच्या घरांसाठी पडदे शिवायची. उरलेल्या अर्ध्या खोलीत संसार. जेवताना ताटात अस्तर यायचं. एकदा तर मेकॅनिक कामाला निघाला आणि दुपारपर्यंत पाठीवर कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीची झालर घेऊन फिरला. लोकांनी बढती झाली का म्हणून विचारलं.

तेव्हा घर हवंच होतं. अडचण एवढीच की कर्जं तीन होती.

पहिलं व्हॅनचं. ही व्हॅन हत्यारं नेण्यासाठी घेतली होती आणि बहुतेक वेळा हत्यारं तिच्याचसाठी वापरावी लागायची. दुसरं शिलाई मशीनचं, ते मेव्हण्याकडून घेतलेलं. आणि तिसरं दाताचं. एकदा पाना सटकून मेकॅनिकचा पुढचा दात पडला, तिथे नवा बसवला, हप्त्यांवर. दात तोंडात होता खरा, पण कागदोपत्री अजून डॉक्टरीणबाईंचा. हसताना आपण उसन्या वस्तूने हसतोय असं मेकॅनिकला वाटायचं, म्हणून तो बेताने हसायचा.

"दाजी, ब्रेक!" मेव्हणा म्हणाला. तो गाडी चालवायला शिकवायचा. बारा वर्षं दुसऱ्यांच्या शेजारी बसून त्याचा उजवा पाय कायमचा ब्रेकवर गेला होता. आत्ताही तो खुर्चीत बसून फरशी दाबत होता. "तीन कर्जांवर चौथं चढवताय! चढ आहे पुढे, चढ! इंजिन बसेल!"

"तू गप रे," बायको म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "माझी एकच अट. घराचा हप्ता आत्ताच्या भाड्यापेक्षा दमडीनेही जास्त नको. तसं घर मिळालं तर घ्यायचं. नाहीतर तीनही कर्जं फिटेपर्यंत विषय बंद."

"आणि दात?"

"दात आधी!"

त्यांनी अकरा घरं पाहिली. एका घराचा हप्ता ऐकून मेकॅनिकने हातानेच दात धरला. एका घरात स्वयंपाकघर इतकं लहान होतं की भांडं घासायचं तर माणसाने बाहेर उभं राहावं. दहाव्या घराचा दलाल म्हणाला, "भिंती आहेत असं समजा." मेकॅनिक प्रत्येक घरात जाऊन कान लावायचा, पाच मिनिटं ऐकायचा आणि गंभीर चेहऱ्याने म्हणायचा, "नको." हे निदान त्याला किंमत ऐकल्यावरच सुचायचं.

बारावी जाहिरात तीन वाक्यांत संपत होती. 'सहावा मजला. लिफ्ट बंद. किंमत निम्मी.' शेवटचे दोन शब्द वाचताच मेकॅनिक थेट बूट घालू लागला.

सहा जिने चढून दोघं वर पोचले तेव्हा बोलण्याच्या अवस्थेत नव्हते. दार उघडलं एका निवृत्त मुख्याध्यापिकेने. तिला सगळी इमारत नुसतं 'बाई' म्हणायची. बाईंनी दोघांना वर्गात उशिरा आलेल्या मुलांसारखं न्याहाळलं.

"बसा. पाणी प्या. मग बोला. धापा टाकत बोललेलं मला चालत नाही."

घर सुंदर होतं. दोन मोठ्या खोल्या, आणि पूर्वेला एक खिडकी, तिच्यातून उजेड असा आत येत होता जणू त्याचाही करार झालाय. त्या उजेडात सुईचं नेढं दहा फुटांवरूनही दिसलं असतं.

"घर ठीकच आहे," बायको तुटकपणे म्हणाली. पण तिचा उजवा हात खिडकीच्या चौकटीवरून वीत-वीत सरकत होता. तोंड काहीही म्हणो, बायकोचा हात ज्या खिडकीवर वीत टाकतो, ती तिच्या मनात बसलेली असते, हे मेकॅनिकला लग्नापासून ठाऊक होतं.

"पण विकताय कशाला, बाई?" त्याने विचारलं.

"गुडघे," बाई म्हणाल्या. "लिफ्ट बंद पडून दीड वर्ष झालं. मी महिन्यातून एकदा खाली उतरते आणि परत वर यायला तितकाच वेळ लागतो. ती बघा माझी लिफ्ट." त्यांनी गॅलरीकडे बोट दाखवलं. तिथे एक वेताची टोपली आणि लांबलचक दोरी होती. भाजी, दूध, वर्तमानपत्र, सगळं त्या टोपलीतून सहा मजले वर यायचं. "आता बहिणीकडे जाऊन राहणार. ती रोज पहाटे पाचला गाते."

"छान गातात?"

"नाही," बाई म्हणाल्या आणि खिडकीबाहेर पाहू लागल्या.

घरी येऊन बायकोने हिशेब केला. हप्ता बरोबर भाड्याएवढा! दमडी इकडे नाही, दमडी तिकडे नाही. मेव्हण्यानेसुद्धा फरशीवरचा पाय उचलला. रविवारी टोकन द्यायचं ठरलं.

आता मंडळी, इथेच थांबलं असतं तर ही एका सुखी घरखरेदीची गोष्ट झाली असती. पण शनिवारी मेकॅनिक कपाटाची मापं घ्यायला एकटाच गेला. आणि त्याच्या खांद्याला हत्यारांची पिशवी होती.

तळमजल्यावर लिफ्टच्या दारावर पाटी होती, 'बंद आहे. तक्रार करू नये.' मेकॅनिकने पाटी वाचली आणि तो पुढे गेला. दोन पायऱ्या चढला. परत आला. बंद लिफ्टसमोरून नुसतं निघून जायचं म्हणजे डॉक्टरने रस्त्यात पडलेल्या माणसावरून उडी मारून जाण्यासारखं!

"नुसती बघतो," तो स्वतःला म्हणाला.

लिफ्ट चौथ्या मजल्यावर अडकली होती. तिचं दार बोटभर उघडं होतं. दीड वर्षांत लोकांना त्या फटीची इतकी सवय झाली होती की कुणीतरी तिच्यात छत्री अडकवून ठेवली होती. मेकॅनिक गुडघ्यांवर बसला. बॅटरी लावून त्याने दाराच्या खाचेत डोकावलं. आत काहीतरी गोल, गुळगुळीत, लाकडी वस्तू रुतून बसली होती. त्यामुळे दार पूर्ण मिटत नव्हतं. आणि दार मिटल्याशिवाय कुठलीही शहाणी लिफ्ट हलत नाही.

त्याने स्क्रू-ड्रायव्हर घातला, हलकेच उचकटलं, आणि हातात आलं बुद्धिबळातलं काळं प्यादं!

छत्री बाजूला केली. दार मिटलं. टिंग!

त्या एका 'टिंग'ने इमारतीतली सगळी दारं उघडली. माणसं जिन्यात धावली. चौथ्या मजल्यावरून इमारतीचे सेक्रेटरी बनियनवरच बाहेर आले. मेकॅनिकच्या तळहातावरचं प्यादं पाहून त्यांचे डोळे भरून आले.

"हे कुठे सापडलं? दीड वर्षं मी याच्या जागी बाटलीचं झाकण घेऊन खेळतोय हो!"

"पण लिफ्टवाल्या कंपनीचा माणूस आला होता ना?" मेकॅनिकने विचारलं.

"आला होता. खाली बटण दाबलं, लिफ्ट आली नाही. मोटर जळाली, नवी लिफ्ट बसवा, असं लिहून गेला. त्या खर्चावरून आम्ही अजून भांडतोय."

"तो चौथ्या मजल्यावर येऊन बघून नाही गेला?"

"कसा येणार?" सेक्रेटरी म्हणाले. "लिफ्ट बंद होती."

बाई सहाव्या मजल्यावरून खाली आल्या. लिफ्टमधून, ताठ मानेने, पायात बाहेरच्या चपला घालून. त्या बागेत गेल्या. दुकानात गेल्या. केस कापून आल्या. वर गेल्या आणि काही काम नसताना पुन्हा खाली आल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मेकॅनिक दात दाखवून हसला. कपाटाची मापं राहून गेली.

घरी येऊन त्याने सगळा पराक्रम हातवारे करून सांगितला. बायकोचं मशीन हळूहळू मंदावलं आणि थांबलं.

"म्हणजे बाई खाली आल्या?"

"दोनदा!"

"वरही गेल्या?"

"गेल्या की! काय खुश होत्या म्हणून सांगू!"

"खूप खुश?"

"अगं, केस कापून आल्या!"

बायकोने सुई खाली ठेवली. "अहो, मग आता त्या घर कशाला विकतील?"

पंखा फिरत होता. पडदा हलत होता. मेकॅनिकच्या चेहऱ्यावरचं हसू मात्र चौथ्या मजल्यावर अडकल्यासारखं जिथल्या तिथे राहिलं.

मेव्हण्याला फोन लावला. "दाजी, रिव्हर्स घ्या!" तो ओरडला. "प्यादं परत घाला!"

"प्यादं सेक्रेटरींनी नेलं."

"मग हत्ती घाला!"

रविवारी दोघं टोकनची पिशवी घेऊन गेले. लिफ्टने. चौथ्या मजल्यावर कुणीतरी बटण दाबलेलं होतं, म्हणून दार उघडलं. बाहेर कुणी नव्हतं. मेकॅनिकचा हात खिशाकडे गेला. खिशात एक नट होता. बरोबर प्याद्याएवढा.

"हात बाहेर," बायको समोर पाहत म्हणाली.

"मी रुमाल काढत होतो."

"रुमाल खणखणत नाही."

दार मिटलं. टिंग.

वर बाईंनी बांधलेली खोकी सोडलेली होती. पुस्तकं परत फळीवर गेली होती. बाई उभ्या राहिल्या. आयुष्यभर इतरांचे निकाल वाचलेल्या त्या बाईंना हा निकाल वाचताना घसा दोनदा साफ करावा लागला.

"मी शब्द दिला होता. तुम्ही म्हणाल तर पाळीनही. कारण चूक तुमची नाही, गुण आहे तुमचा. पण मला इथेच राहावंसं वाटतंय."

मेकॅनिकने बायकोकडे पाहिलं. किंमत ठरलेली होती, बाई शब्दाच्या पक्क्या होत्या. पिशवी पुढे केली की संपलं. बायकोने खिडकीकडे पाहिलं, उजेडाकडे पाहिलं, आणि मग बाईंच्या ताज्या कापलेल्या केसांकडे.

"पहाटे पाचला कोणी गाऊ नये," ती म्हणाली. तिने पिशवी उघडली. पण टोकनाऐवजी तिच्यातून एक घडी काढली. पूर्वेच्या खिडकीचे पडदे! 'घर ठीकच आहे' म्हणणारीने ते तीन दिवसांत शिवून संपवले होते. "हे दुसऱ्या कुठल्याच खिडकीला बसणार नाहीत. तुम्हीच लावा."

बाईंनी पडदे घेतले आणि पैसे मोजूनच दिले. वर्गात फुकट गुण त्यांनी कधी दिले नव्हते. मग सेक्रेटरींनी पडदे पाहिले, मग इतरांनी. इमारतीत एकूण बहात्तर खिडक्या होत्या. शिवाय लिफ्टच्या देखभालीचं वर्षाचं काम मेकॅनिकला मिळालं. दीड वर्षात दात फिटला, शिलाई मशीन फिटलं. व्हॅन राहिली, तिचं सगळंच राहून जायचं.

आणि मग एक दिवस दुसऱ्या एका इमारतीची जाहिरात आली. 'पाचवा मजला. लिफ्ट बंद.' हप्ता भाड्याएवढा. खिडकी पूर्वेला. विकणारा कधीच दुसरीकडे राहायला गेलेला.

या वेळी बायकोने काहीच दैवावर सोडलं नाही. हत्यारांची पिशवी मेव्हण्याच्या गाडीत कुलूपबंद झाली. आणि मेकॅनिकच्या पँटचे चारही खिसे तिने दुहेरी टाक्याने शिवून टाकले.

"सही होईपर्यंत लिफ्टकडे बघायचंसुद्धा नाही!"

"नुसता कान लावू?"

"कान शिवायला मला दोन मिनिटं लागतील!"

मेकॅनिक चौकशीच्या प्रत्येक खेपेला लिफ्टसमोरून मान वळवून गेला. एकदा तसाच भिंतीवर आपटला. पण कागद झाले, सह्या झाल्या, किल्ली हातात आली. त्याच मिनिटाला त्याने खिशांचे टाके उसवले, मेव्हण्याकडून पिशवी हिसकावली आणि तो लिफ्टच्या मोटरच्या खोलीत घुसला. "पाच मिनिटांत सांगतो!" तो जाताना ओरडला.

पाच मिनिटांनी परत आला. चेहऱ्यावर वंगण आणि एक पीस.

"काय झालं?"

"मोटर जळाली," मेकॅनिक म्हणाला. "खरंच जळाली. तारेचे दोर गेले. वायरिंगमध्ये कबुतरं राहतात. तीन पिढ्या."

"म्हणजे नवीच बसवावी लागेल?"

"पाच-सात वर्षांत. खर्चावरून इथल्या लोकांचं भांडण मिटलं की."

मेव्हण्याचा पाय जमिनीवर दाबला गेला. बायको मात्र हसत सुटली, जिन्यात बसून, पोट धरून. मग उठली आणि वर निघाली, खिडकीवर वीत टाकायला. आता ती खिडकी हक्काची होती.

संध्याकाळी बाई घर बघायला आल्या. पाच जिने म्हटल्यावर फाटकाशीच थांबल्या आणि मेकॅनिकला खाली बोलावून घेतलं. तो सवयीने हत्यारांची पिशवी घेऊनच उतरला. त्यांच्या हातात ती वेताची टोपली होती, आत दोरीचं वेटोळं.

"घ्या. नव्या घराला भेट."

"अहो बाई, तुम्हाला लागेल ना!"

"मला कशाला?" बाई म्हणाल्या. "माझी लिफ्ट चालते. एका फार हुशार माणसाने दुरुस्त केली."

मेकॅनिक तोंडभर हसला. दात आता त्याचा स्वतःचा होता. मग टोपली डोक्यावर घेऊन तो पाच जिने चढला आणि वर पोचल्यावर त्याच्या लक्षात आलं, हत्यारांची पिशवी खालीच राहिली.