मृणालचं बालसंगोपन

मुलांचे बूट गळके असावेत, असा सल्ला आयर्लंडमधल्या लिमरिकच्या पावसात देणारी बाई एकच. आमच्या शेजारची मृणाल.

"तुझ्या ईशानच्या नव्या बुटांना भोक पाड गं," ती गंभीरपणे म्हणाली. "पाय ओले झाले की मूल काटक होतं. जुन्या काळच्या एका इंग्रज तत्त्वज्ञाने लिहून ठेवलंय."

"इथं बिनभोकाच्या बुटांतही पाणी जातं," मी म्हटलं.

मृणाल इथल्या विद्यापीठात पीएचडी करत होती. विषय, तीनशे वर्षांपूर्वीच्या युरोपातल्या विचारवंतांनी मुलं कशी वाढवायला सांगितली. दोन हजार वीस साली लॉकडाऊन लागला, विद्यापीठ बंद झालं आणि सगळे तत्त्वज्ञ माझ्या सात वर्षांच्या ईशानच्या वाट्याला आले. नदीकाठी अंतर राखून आम्ही फिरायचो. एकदा म्हणाली, "रागावू नकोस, कारण समजावून सांग. मूल हा विचारी प्राणी आहे." प्रबंधाच्या पुढच्या प्रकरणात कुणी फ्रेंच तत्त्वज्ञ आला. "कारणंबिरणं मुळीच देऊ नकोस! भिजू दे, थंडी वाजली की कळेल." मग ती लांबून येताना दिसली, की ईशान इथल्या पोरांसारखं आईला 'मॅम' म्हणत मला विचारायचा, "मॅम, व्हॉट चॅप्टर इज शी ऑन?"

तिची स्वतःची मुलगी सई तीन वर्षांची. साताऱ्याला, बाबा आणि आजीपाशी. सई आणि तिचे बाबा उन्हाळ्यात इकडे यायचे होते. आधी विमानं बंद झाली, मग व्हिसा अडकला. वर्ष उलटलं.

एकदा नदीकाठच्या बाकावर असताना तिने व्हिडिओ कॉल लावला. अंगणात सई आईला पळून दाखवत होती. धाडकन पडली, भोकाड पसरलं. आजी, म्हणजे मृणालच्या सासूबाई, शेजारीच, पण हलेनात.

"आई, सई पडलीय!"

"दिसतंय गं. पण तूच सांगितलंयस ना, आपलं आपण उठू द्या म्हणून? उभी आहे मी."

"अहो आई, उचला तिला! घ्या ना जवळ!"

तिच्या ओरडण्याने बदकं उडाली. पडद्यावर सईने आजीच्या मानेत तोंड खुपसलं. आजी म्हणाली, "हे बघ, आई बोलतेय," पण सईने मान वर केली नाही. फोन बंद झाला.

मृणाल म्हणाली, "गुडघ्यावर फुंकर घाला, हे सांगायचं राहिलं गं."

तिने लगेच पुन्हा फोन लावला. कुणी घेतला नाही. सगळे सईपाशी असणार. ती फोन कानाला लावून बसून राहिली.