हयात मातोश्री कैलासवासी केल्याची आणि तिखल्यात बदाम पडल्याची हकीकत

॥ श्री वरुणदेव प्रसन्न ॥

हुजूरची आज्ञा नसता, कोणी पुसले नसता, सेवकाने आपल्याच जबाबदारीवर लिहिले ऐसे जे: शके एकोणीसशे शेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी, पश्चिम समुद्रावर एक दौलत तरंगत होती. दौलतीस जमीन नव्हती, बारा मजले होते. रयत दर चार दिवसांनी नवी येई आणि जुनी वजन वाढवून घरी जाई. लोक त्या दौलतीस क्रूझ म्हणत. कप्तानसाहेब तेथील धनी, परंतु खरे राज्य छापील कागदाचे होते. कागद तयार होई कोरड्या भूमीवरील कचेरीत, चौदाव्या मजल्यावर, जेथून समुद्र दिसत नसे. तेथे वर्णन-दिवाण म्हणून एक थोर पुरुष बसत. त्यांनी समुद्र एकदा चित्रात पाहिला होता आणि तो त्यांस आवडला होता. दिवाणांनी मजकूर लिहावा, मग त्यावर सात जणांनी शिक्के करावे, आणि सातांपैकी एकानेही वाचू नये, कारण पुढचा वाचील ऐसा प्रत्येकाचा भरवसा आणि मागच्याने वाचले असेल ऐसा शेवटच्याचा. मग त्या कागदास प्लॅस्टिकचे चिलखत चढवून गलबतावर रवाना करीत, आणि एकदा चिलखत चढले की ब्रह्मदेव आला तरी काना-मात्रा हलत नसे.

दौलतीचा कायदा ऐसा की, छापले ते खरे. रयतेने तक्रार केली तर छापील कागद पुढे ठेवावा, आणि वस्तु कागदाशी जुळत नसेल तर वस्तु बदलावी, कागद बदलू नये. या कायद्याने काय काय जाहले ते किती लिहावे! भोजनपत्रावर, म्हणजे मेनूकार्डावर, 'टोमॅटोचा साप' छापून आला, तेव्हा एक बाई खुर्चीवर उभ्या राहिल्या आणि सूप आले तरी खाली उतरेनात. 'भाजलेले पाप, दोन नग' हेही त्याच पानावर होते, ते मात्र लोकांनी आवडीने मागविले. पुस्तिकेत लिहिले की आमच्या बंदरावरील किल्ल्यातून समुद्रात उगवता सूर्य पहावा. सबब साठ माणसे पहाटे किल्ल्यावर चढून पश्चिमेकडे तोंड करून उभी राहिली, आणि सूर्य बिचारा त्यांच्या पाठीमागे नित्याप्रमाणे उगवून मोकळा जाहला. वाटाड्याने सांगितले, "साहेब, तिकडे मावळतो." तर लोक म्हणाले, "छापलंय ना पण." मग आणि काय बोलावे!

या दौलतीच्या मुदपाकखान्यात गुणाजी केळुसकर नामे आचारी होता. वेंगुर्ल्याजवळील केळूस गावचा, हाताने चोख, तोंडाने गरीब. बावीस वर्षे त्याने समुद्रावर परमुलखाच्या लोकांस जेवू घातले, परंतु आपल्या आईस एकदाही घातले नाही. घरी जाई तेव्हा आई त्यास चुलीपाशी उभा राहू देत नसे. मग त्या वर्षी दौलतीने जुन्या चाकरांस एक हक्क दिला की घरचे एक माणूस फुकट न्यावे. गुणाजीने आपली आई द्वारकाबाई, वय एकोणऐंशी, हीस गलबतावर आणिली. त्याच्या मनात एकच होते की शेवटल्या दिवशीच्या मेजवानीत आईस पहिल्या मेजावर बसवावी आणि आपल्या हातचे वाढावे. दुसरे मागणे त्याने बावीस वर्षांत केले नव्हते.

त्या मेजवानीस बांगड्याचे तिखले, म्हणजे मालवणी तिखट कालवण, योजिले होते. कचेरीतून पूर्वी पुसणे आले होते की पाककृती कोणाची, आणि गुणाजीने एकच शब्द लिहून दिला होता: आईची. आता वर्णन-दिवाणांपाशी दुसऱ्या गलबताचा एक जुना मजकूर होता, त्यात कोणा आचाऱ्याची कैलासवासी आजी आणि तिची केशर-बदामाची खीर होती. दिवाणांनी तोच मजकूर उचलला, आजीच्या ठिकाणी आई केली, खिरीच्या ठिकाणी तिखले केले, आणि उरलेल्यास हात न लावता जेवावयास गेले. सात शिक्के जाहले. कागद गलबतावर आला तो ऐसा: 'आमचे आचारी गुणाजी यांच्या कैलासवासी मातोश्रींच्या स्मृतीस अर्पण, केशर-बदामयुक्त बांगड्याचे तिखले. बांगडा हा कोकणातील गोड्या तळ्यांतला दुर्मिळ मासा होय.'

गुणाजीने कागद पाहिला. तो तैसाच कप्तानसाहेबांपाशी गेला आणि म्हणाला, "साहेब, माझी आई चौथ्या मजल्यावर चहा पिते आहे."

कप्तानसाहेब माणूस भला, परंतु कायद्याचा बांधलेला. त्यांनी कागद उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "गुणाजी, हे बदलायला पुन्हा सात शिक्के. वर्ष जाईल."

"मग काय करायचं?"

"बदाम घाल. आणि आईंना जेवण खोलीतच ने. लोकांनी त्यांना पाहिलं तर कागद खोटा ठरतो."

ऐसा न्याय जाहला की कागद जिवंत रहावा आणि बाईने लपून बसावे. गुणाजीने दोन दिवस ताट झाकून खोलीत नेले. आईने पुसले की सगळी माणसे खाली जेवतात, मग मीच कित्या हय? गुणाजी म्हणाला, खाली वारा फार. हे बोलताना त्यास आपलीच लाज वाटली. मग शेवटल्या दिवशी, मेजवानीच्या वेळी, त्याने मनाशी ठरविले की चाकरी जाईल तर जावो, आणि आईस नवे लुगडे नेसवून भोजनगृहात नेले, पहिल्या मेजावर बसविले आणि आपण मुदपाकखान्यात जाऊन तिखल्यात रडत रडत बदाम घातले.

त्याच मेजावर चिपळूणचे मोघे वकील बसले होते. त्यांस सभा दिसली की उभे राहण्याची खोड. त्यांनी कागद वाचला, डोळे पुसले आणि उठून म्हणाले, "मंडळी, ज्या माउलीची ही पाककृती, तिच्यासाठी आपण दोन मिनिटे स्तब्ध उभे राहू." दोनशे माणसे उभी राहिली. द्वारकाबाईही उभी राहिली, पदर डोक्यावर घेतला, हात जोडले आणि डोळे मिटले. हा लेखक तिसऱ्या मेजावर होता आणि त्याने हे आपल्या डोळ्यांनी पाहिले. दोन मिनिटे सरली, मग द्वारकाबाईने शेजारी हळूच पुसले, "कोण गेला ओ?"

वकिलांनी कागद दाखविला. तिने ओळीवर बोट ठेवून अक्षर अक्षर लावीत वाचले. मग म्हणाली, "म्हणजे मी मेलंय? आणि माका कोणी सांगलाच नाय!"

वकील खाली बसले ते आपल्या खुर्चीवर नव्हे. सभेत गलबला जाहला, कप्तानसाहेब धावत आले, गुणाजी पंचा खांद्यावर टाकून दारात उभा राहिला, चाकरी गेली ऐसे समजून. इतक्यात तिखले मेजावर आले. द्वारकाबाईने बोट बुडवून चाटले आणि तिचा चेहरा प्रथमच उतरला.

"गुणाजी! हय ये. मेलंय ता मेलंय, कधीतरी मरूचाच असा. पण तिखल्यात तिरफळां नाय? आणि हे बदाम? बांगडो काय बाळंत झालो? आयशीन ह्यां शिकवल्यान तुका?"

"आये, कागदावर तसाच असा."

"कागद काय जेवतलो?"

ऐसे बोलून तिने कमरेची पिशवी सोडली आणि मूठभर तिरफळे, म्हणजे माशाच्या कालवणात घालावयाचा रानचा मसाला, त्याच्या हातावर ठेविली. कोणी म्हणाले, बाई, तुम्हीच आत चला आणि करा. ती म्हणाली, "मी नाय. आज मी पावणी. तो करतलो, मी बसतंय." मग गुणाजी आत गेला आणि छापील आज्ञा मोडून नवे तिखले करता जाहला, आणि दोनशे माणसे अर्धी घटका थांबली. प्रथम ताट आईपुढे ठेविले. तिने भाताने ताट निपटून घेतले, बोटे चाटली आणि पुन्हा वाढ म्हणून ताट पुढे केले. गुणाजीस दुसरी बक्षिसी नको होती. कप्तानसाहेबांनीही दोनदा घेतले आणि चाकरीचा विषय काढला नाही. उलट त्याच दिवशी आपल्या हाताने कचेरीस लिहिले की बाई हयात आहेत, दुरुस्ती व्हावी.

दुरुस्ती सात जणांच्या हातून फिरू लागली. एक रजेवर होता, एकाने बाईंच्या हयातीचा दाखला मागितला, एकाने दाखल्याची नक्कल मागितली. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, मार्गशीर्ष मासी कागद चिलखत घालून आला. त्यात काना-मात्रा चुकली नव्हती, बांगडा समुद्रात परत गेला होता, बदाम नाहीसे जाहले होते, आणि लिहिले होते: 'आमचे आचारी गुणाजी यांच्या मातोश्री द्वारकाबाई, वय ऐंशी, हयात. तिरफळाबाबत कडक.' दौलतीच्या इतिहासात ऐसा शुद्ध कागद जाहला नव्हता.

परंतु द्वारकाबाई श्रावणातच निवर्तल्या होत्या.

कचेरीस हे कळताच तेथे मोठी शरम वाटली, आणि वर्णन-दिवाणांनी जन्मात प्रथमच आपण होऊन लिहिले की चूक राहिली, कागद परत पाठवावा, या खेपेस सात शिक्के एका दिवसात करू. गुणाजीने उत्तर लिहिले ते हुजूर दफ्तरी आहे: "जिती होती तेव्हा वर्ष लावलात. आता घाई करू नका. ऱ्हवांदे."

येणेप्रमाणे या दौलतीत आजमितीस चुका हजार आहेत, साप आहे, पाप आहे, सूर्य अद्याप पश्चिमेस उगवतो. पैकी एक मात्र जाणून ठेविली आहे. नवी रयत कागद वाचून मुदपाकखान्याच्या दाराशी येते आणि पुसते की आई कशा आहेत. गुणाजी पंच्याला हात पुसतो आणि म्हणतो, बरी आहे, तिरफळ कमी पडले की ओरडते.